मसाजीने कुत्री का दिली

मसाजीच्या घरातून अमावास्येला विरजण देत नसत आणि कुत्री कधीच देत नसत. पहिली रीत गावात घरोघरी होती, दुसरी फक्त यांची. मसाजी हटकर धनगर. आखाडा बाळापूरच्या बाजारात चार मेंढपाळ एकत्र आले की त्याच्या कुत्र्यांचा विषय निघायचाच. लांडग्यासमोरून न हटणारी, मेंढरांतच वाढलेली, परक्याच्या हाकेला कान न देणारी ती जात. कुणी मागितला तर मसाजी नर खुशाल द्यायचा, नारळाचा मान घेऊन. मादी मागितली की चहा पाजून वाटेला लावायचा.

"कुत्रा दिला तर धा वर्सांत गोष्ट संपती," त्याचा बाप म्हणायचा. "कुत्री दिली तर संपतच न्हाई." वसमतकडचे शेतकरी हळदीचं बेणं जपतात तसं या घराने ते बेणं जपलं होतं. एका वेताला सहा-सात पिल्लं व्हायची. एखादी मादी ठेवायची. उरलेल्या माद्यांचं काय करायचं ते आधी मसाजीची आई आणि तिच्यामागे बायको, पंचफुलाबाई, ओढ्यावर जाऊन करून यायची. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढत नसे. प्रत्येक रीतीला एक घाण बाजू असते आणि ती बहुधा बायकांच्या वाट्याला येते.

ही रीत मसाजीने आयुष्यात एकदाच मोडली, एक्क्याण्णव साली.

इसापूर धरणाचं पाणी संक्रांतीनंतर उतरू लागतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं. बाकीचं शिवार करपलेलं असताना तिथे हिरवं असतं. ते गवत सरकारी, म्हणजे जो काठी घेऊन उभा राहील त्याचं. त्या काळी तिथे मुंजाजी उभा असायचा. चारशे मेंढरं, पाच तरणी पोरं, आणि धरण याच्याच बापाने बांधलं असावं अशी चाल. मसाजीकडे शंभरेक मेंढरं होती आणि पोरगा एकच, शिवहार. तोही बारा वर्षांचा.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी मुंजाजीच्या दोन पोरांनी मसाजीचा कळप गाळावरून हुसकला. मसाजीने हात जोडले, एवढा उन्हाळा जाऊ द्या म्हणाला. थोरल्याने त्याच्या कानाखाली वाजवली. माराचं मसाजीला विशेष काही वाटलं नाही. गरिबाच्या गालाला सवय असते. पण मागे वळला तर शिवहार त्याची कुऱ्हाड दोन्ही हातांनी उचलून उभा होता. कुऱ्हाडीचा दांडा पोराच्या छातीला लागत होता. मुंजाजीची पोरं खदखदून हसली.

"आण, आण त्याला," थोरला म्हणाला. "दोन वर्सांनी आण. मंग बघू."

मसाजीने कुऱ्हाड काढून घेतली आणि पोराला घेऊन घरी आला. दोन वर्षांनी पोरगं चौदाचं होईल. चार वर्षांनी सोळाचं, आणि मग ते बापाला विचारणारही नाही. कितीही फिरवून विचार केला तरी शेवटी त्याला शिवहार गाळात पालथा पडलेला दिसायचा. त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. त्या भीतीनेच त्याचं डोकं चालायला लागलं.

मुंजाजीच्या मेंढवाड्याच्या पलीकडे, पाण्याच्या फाट्याच्या दुसऱ्या अंगाला, कोंडीबा नावाचा धनगर राहायचा. ऐंशी मेंढरं, हेकट माणूस. मुंजाजीने त्याची पाणी पाजायची जागा बळकावली होती, म्हणून तो मनातून धुमसत असायचा. मसाजीची आणि त्याची काही दोस्ती नव्हती. उलट एका बोकडावरून मागे दोघांची जुंपली होती. पण मसाजीने बरोबर हेरलं. कोंडीबाकडे चांगली कुत्री आली तर मुंजाजीची दोन-तीन पोरं कायम तिकडे तोंड करून बसणार, आणि इकडे आपल्याला रान मोकळं. शिवाय कोंडीबा दोन कोसांवर, मध्ये पाणी. उद्या त्याची कुत्री उलटलीच तरी आपल्यापर्यंत पोचणार नाहीत. काट्याने काटा काढायचा, आणि हात दुसऱ्याचा.

तो कोंडीबाकडे गेला आणि म्हणाला, एक कुत्रा देतो, घेऊन जा.

कोंडीबाने नकार दिला. "एका कुत्र्यानं काय व्हतं? मुंजाजी पयल्या म्हैन्यातच त्याला कुऱ्हाडीखाली घेईल, खेळ खलास. कुत्री दे. मंग किती मारायचे ते मारू दे त्याला."

मसाजी आठ दिवस तिकडे फिरकला नाही. नवव्या दिवशी दीड महिन्याची भुरी नावाची मादी घोंगडीत गुंडाळून देऊन आला. पंचफुलाबाईला पिल्लं तोंडपाठ असायची. तिला त्याने सांगितलं, कोल्ह्याने नेली. आणि कोंडीबाने जगाला सांगायचं ठरलं, की कुत्री वऱ्हाडातून आणली.

नुसती कुत्री देऊन भागत नाही, हे मसाजीला ठाऊक होतं. म्हणून तो चोरून चार-दोन वेळा पलीकडे गेला आणि सगळं शिकवून आला. पिल्लू मेंढरांत झोपवायचं, शेळीच्या दुधावर वाढवायचं. कुणी गोंजारायचं नाही, लेकरांनी खेळवायचं नाही, पण मारायचंही नाही. मेंढरं हीच त्याची भावंडं झाली पाहिजेत. खिळ्यांचा पट्टा कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा, तेही दाखवलं. भुरी वयात आली तेव्हा आपला नरही नेऊन आला.

त्र्याण्णवपर्यंत कोंडीबाकडे पाच कुत्री झाली. मुंजाजीची तीन पोरं पाण्याच्या फाट्यावर येऊन बसली ती बसलीच. मारामारी म्हणाल तर झालीच नाही. दोन काठांवर दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून राहायची, शिव्या द्यायची, बिड्या ओढायची, आणि संध्याकाळी आपापल्या वाड्यावर जायची. इकडे मसाजीची मेंढरं पोटभर चरत होती. कळप पावणेदोनशेवर गेला. शिवहार कुऱ्हाडीऐवजी दप्तर घेऊन बाळापूरच्या शाळेत जाऊ लागला, दहावीपर्यंत पोचला. एवढं शहाणपणाचं काम आपल्या घराण्यात कुणी केलं नव्हतं, असं मसाजीला वाटायचं. रस्त्यात मुंजाजी भेटला तर तो वाकून रामराम घालायचा आणि पुढे गेल्यावर मिशीत हसायचा. सुखाची चार-पाच वर्षं होती ती, आणि कुणी काही म्हणो, ती खरी होती.

पण बाप काही खोटं बोलला नव्हता. कोंडीबाच्या मेहुण्याचं शेजाऱ्याशी वाजलं तेव्हा कोंडीबाने त्याला एक मादी दिली. मेहुण्याने पुढे एका मेंढ्याच्या बदल्यात दुसऱ्याला दिली. मसाजीने शिकवलेलं शहाणपण कोंडीबाच्या दारातच राहिलं, दात तेवढे पुढे गेले. नव्या धन्यांनी पिल्लं साखळीला बांधली, उपाशी ठेवली, लाथा घातल्या, माणसांवर सोडून बघितली. शहाण्णव सालापर्यंत धरणाच्या काठाने तसली कुत्री झाली, आणि त्यातली कितीतरी कुणाच्याच ताब्यात नव्हती.

त्या उन्हाळ्यात तांड्यावरची रूपाबाई गवत कापायला गाळावर गेली होती. तिचं ना मुंजाजीशी भांडण, ना कोंडीबाशी. दोन कुत्र्यांनी तिची पोटरी फाडली. नांदेडच्या दवाखान्यात महिनाभर राहून ती काठी टेकत परत आली. तिचा नवरा थावरा एक दिवस मसाजीकडे आला आणि ओट्यावर बसला.

"मसाजीभाऊ, जात तर तुमच्याच कुत्र्याची दिसून राहिली."

"कोंडीबाकडून गेलेली हायेत ती," मसाजी म्हणाला.

"आन कोंडीबाकडं कुठून आली?"

"वऱ्हाडातून आणली म्हणतात."

थावराने त्याच्याकडे बघितलं, दिलेला चहा संपवला आणि उठून गेला. रूपाबाईला बघायला जायचं मसाजीच्या मनात होतं. मग पेरणी आली, मग पोळा आला, आणि नंतर जायला तोंड उरलं नाही.

सत्त्याण्णवात कोंडीबाचा भाचा त्याच्याशी भांडून निघाला तो सरळ मुंजाजीकडे गेला, दोन माद्या बगलेत मारून. आता मुंजाजीकडे पाच पोरंही होती आणि तीच कुत्रीही. गाळावर कुणाचाच कळप सुखाने चरेना. मसाजीची अकरा मेंढरं एका दिवसात फाडली गेली, त्याच्याच घरच्या रक्ताच्या कुत्र्यांनी. त्याने कळप विकून टाकला, तीस मेंढरं ठेवली.

शिवहार अठराचा झाला होता. "आबा," तो म्हणाला, "मेंढरंच न्हाईत तर मी राखू काय?" पुढच्या भरतीला तो नांदेडला गेला, धावला, छाती फुगवून उभा राहिला आणि फौजेत लागला. पंचफुलाबाई दोन दिवस जेवली नाही. मसाजीला मात्र आतून बरंच वाटलं. निदान मुंजाजीच्या कुऱ्हाडीपासून पोरगं लांब गेलं, असं तो मनाशी म्हणाला. माणूस किती वेडं असावं त्याला काही सुमार असतो का!

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणला बाँब फुटले आणि बाळापूरला पेढे वाटले गेले. पेढ्यांचा खोका रिकामा होतो न होतो तोच, सतरा दिवसांत पाकिस्ताननेही फोडले. मारुतीच्या पारावर किशनराव मास्तर रोज पेपर वाचून दाखवायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला हा भला माणूस. वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागायचं नाही. त्या दिवशी मास्तर कोड्यात पडले होते.

"यात लिहिलंय, की पाकिस्तानला चीनने मदत केली," ते म्हणाले. "आराखडे दिले, माल दिला, माणसं शिकवली. आता सांगा, चीन त्यांचा सगा ना सोयरा. धर्म वेगळा, भाषा वेगळी. असली वस्तू कुणी दुसऱ्याच्या हातात देतं का? उद्या उलटली म्हणजे?"

पारावर सगळ्यांनी माना हलवल्या. मसाजी एकटा हसला.

"काहून देणार न्हाई? मास्तर, ह्या दोघांच्या मधी कोण?"

"आपण."

"आन चीनचं आपल्याशी वाकडं?"

"बासष्टपासून."

"मंग झालं की. मुंजाजी म्हणजी आपण." पारावर हशा पिकला, एक-दोघांना ते आवडलं नाही. मसाजी रंगात आला. "दुस्मनाच्या पलीकडं जो बसलेला हाय, त्याच्या हातात दात द्यायचे. दुस्मन तिकडं बघत बसतो, आपुन हिकडं मेंढरं चारायची. बराबर का न्हाई? आन ते उलटंल म्हणता, तर मधी दुस्मन हाय की. पयला चावा त्याला."

"पण अमेरिका एवढी का ओरडतेय मग? तिच्याकडे तर ढिगाने आहेत."

"ज्याला पाच पोरं असतात ना मास्तर, त्याचा हात समद्याच्या दारापोतर पोचत असतो. त्याला दुसऱ्याच्या दारात कुत्रं नगं असतं. आमच्यावाणी एका पोरवाल्याला काय फरक पडतो?"

मग मास्तरांनाही आठवलं. पन्नाशीच्या दशकात म्हणे रशियाने चीनला असंच शिकवलं होतं, अमेरिकेला शह म्हणून. आणि पुढे बिनसलं तेव्हा बाँबचा नमुना द्यायच्या वेळी हात आखडता घेतला. तरी चीनने पाच-सात वर्षांत बनवलाच.

"बनवणारच," मसाजी म्हणाला. "कुत्री देऊन झाल्यावर दोरी मागून काय फायदा?"

आणि मग त्याने, सात वर्षं पोटात ठेवलेलं, भर पारावर सांगून टाकलं. भुरी कुणी दिली, घोंगडीत कशी नेली, नर कसा नेला. मुंजाजीकडे आता स्वतःची कुत्री होती, तेव्हा लपवण्यात काही राम उरला नव्हता. पण खरं सांगायचं तर मसाजीला मोह आवरला नाही. पेपरातल्या मोठमोठ्या देशांनी आपल्यासारखंच डोकं चालवलं, हे कळल्यावर कुठल्या धनगराची छाती फुगणार नाही? त्या दिवसापासून गाव त्याला बाँबवाले मसाजी म्हणायला लागलं.

उठता उठता त्याने मास्तरांना हळूच विचारलं, "आता लढाई लागंल का?"

"मोठी लढाई लागत नाही," मास्तर म्हणाले. "दोघांकडे असलं की दोघंही घाबरतात. समोरासमोर बसून राहतात. आजवरचा जगाचा अनुभव आहे."

मसाजीला जगाचा अनुभव नव्हता, पण पाण्याच्या फाट्याचा होता, आणि तोही हेच सांगत होता. तो घाईने घरी आला. त्याच्याआधी पारावरची गोष्ट पोचली होती. पंचफुलाबाई चुलीपुढे पाठ करून बसली होती.

"कोल्ह्यानं न्हेली म्हणले व्हते तुमी."

"जुनी गोष्ट हाय ती."

"धा पिल्लं माझ्या हातानं बुडवली मी. रीत हाय म्हणून."

मसाजीने पागोटं खुंटीला अडकवलं. मग तो म्हणाला, "लढाई व्हणार न्हाई. मास्तरनं सांगितलं. पोरगं म्हातारं हून पेन्शनवर घरी येतंय बघ." तिने मागे वळून बघितलं. एवढं एक वाक्य तिला पुरलं. पुढे कुणी फौजेचा विषय काढला की ती ते जसंच्या तसं म्हणायची, मास्तरनं सांगितलं.

पुढच्याच वर्षी कारगिलला तोफा धडाडल्या, तेव्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. पण शिवहारची पलटण आसामात होती, आणि ते अडीच महिन्यांत मिटलं. मास्तरांनी लगेच सांगितलं की ही मोठी लढाई धरत नाहीत. शिवहार सुट्टीवर आला, अंगाने भरलेला, हिंदी फाडफाड बोलणारा. पंचफुलाबाईने बोल्ड्याकडची एक मुलगी बघून ठेवली. यंदाच्या नाही तर पुढच्या उन्हाळ्यात बार उडवू, असं ठरलं.

दोन हजार एकच्या डिसेंबरात दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि सगळी फौज सरहद्दीकडे निघाली. शिवहारचं पत्र राजस्थानातून आलं. मास्तरांनी ते वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं: इथे नुसती वाळू आहे. आम्ही रोज सुरुंग पेरतो, तिफणीने ज्वारी पेरावी तसे ओळीने, आणि कुठे काय पेरलं त्याचा नकाशा काढतो. समोरचेही तेच करतात. दुर्बिणीतून त्यांचा स्वयंपाक दिसतो. लढाई होईल असं वाटत नाही. आईला सांगा, मे महिन्यात सुट्टी मागितली आहे.

मसाजीने पत्र दोनदा वाचायला लावलं. दोन काठांवर समोरासमोर बसलेली माणसं त्याने डोळ्यांनी बघितलेली होती. अशा बसण्यातून मारामारी होत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्या हिवाळ्यात गावातल्या फौजींचे आई-बाप देवाला साकडं घालत होते आणि मसाजी त्यांची समजूत काढत फिरत होता.

एप्रिलच्या शेवटी बाळापूर ठाण्याचा हवालदार मोटारसायकलवर आला. मसाजी अंगणात मेंढी कातरत बसला होता. हवालदार टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, शिवहार गेला. ट्रकमधून सुरुंगाच्या पेट्या उतरवताना एक फुटली. तिघं गेले.

मसाजीने मान हलवली. मग त्याने मेंढीची दुसरी बाजू कातरायला घेतली. हवालदाराला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. मसाजीला ऐकू गेलं होतं. पण अर्धी कातरलेली मेंढी सोडता येत नाही. त्याने ती पूर्ण कातरली, पायाची दोरी सोडली, लोकर गोळा करून पोत्यात भरली. हात स्वतःचे वाटत नव्हते. मग त्याने हवालदाराला बसायला घोंगडी टाकली. आत पंचफुलाबाईचा हंबरडा फुटला होता, आणि तो आवाज त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी घरातून येतोय असं वाटत होतं.

"सुरुंग दुस्मनाचा व्हता?" त्याने विचारलं.

"आपलाच," हवालदार म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पेटी आली, खिळे मारून बंद केलेली. उघडू नका, असं सुभेदाराने बजावलं. मसाजीने उघडायला सांगितलंही नाही. पेटीवर हात ठेवला तर लाकूड गार लागलं, एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं. गाव लोटलं होतं, शेजारची दहा गावं लोटली होती. मुंजाजी पाचही पोरांना घेऊन आला आणि खरोखर रडला. कोंडीबाही आला. रूपाबाई काठी टेकत आली आणि पंचफुलाबाईला टेकून बसली. मसाजीने तिच्या पायाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. बंदुका आकाशात उडाल्या. हिंगोलीहून आलेल्या एका पुढाऱ्याने भाषण केलं. आपल्या ताकदीपुढे शत्रू नमला, युद्ध टळलं, असं तो म्हणाला. लोकांनी घोषणा दिल्या. सवयीने मसाजीचाही हात वर गेला आणि थोडा वेळ तसाच वर राहिला. शेजारच्याने तो खाली घेतला.

दसऱ्यानंतर फौजा परत फिरल्या. मास्तरांचं बोलणं अक्षरशः खरं झालं होतं. लढाई झालीच नाही.

बाजारात लोक विचारायचे, पोरगं कुठल्या लढाईत गेलं? मसाजी म्हणायचा, कुठल्याच न्हाई. मग विचारणारा मेंढरांच्या भावावर यायचा. मसाजी रडला नाही. रडायला यावं अशी त्याचीही इच्छा होती, पण आत काही हलतच नव्हतं. भाकरी खायचा, ती कसली होती ते सांगता यायचं नाही. तीस मेंढरं घेऊन माळावर जायचा आणि घेऊन यायचा. पारावर जाणं त्याने बंद केलं. त्या वर्षी घरची कुत्री व्याली तेव्हा पिल्लं दारात सोडून दिली. ज्याला जे हवं ते त्याने नेलं, कुणी नर, कुणी मादी. पंचफुलाबाई ओढ्यावर गेली नाही आणि त्याने पाठवलंही नाही. रीत राखून आता कुणाचं भलं व्हायचं होतं?

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत एका दुपारी किशनराव मास्तर पेपर घेऊन घरी आले. मसाजी ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता, पंचफुलाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. मास्तरांना राहवलं नव्हतं. दु:खाच्या घरी जाताना तोंड आवरावं, हे त्यांना कळत होतं. पण असली बातमी मसाजीशिवाय सांगणार कुणाला?

"मसाजी, तुम्ही पारावर म्हणाला होता तसंच निघालं," ते म्हणाले. "पाकिस्तानचा एक मोठा शास्त्रज्ञ टीव्हीवर कबूल झाला. बाँबचं तंत्र त्यानेही पुढे दिलं. इराणला, लिबियाला, कोरियाला. रशियाने चीनला, चीनने त्यांना, त्यांनी आणखी तिघांना. अगदी कोंडीबाच्या..." इथे त्यांनी जीभ चावली आणि पेपराची घडी घातली.

मसाजीने मान हलवली. त्याला आश्चर्य वाटलं नाही, आणि सहा वर्षांपूर्वी फुगलेली छाती कुठे होती तेही आठवलं नाही. अंगणात सुपाचा आवाज थांबला होता.

"मास्तर," पंचफुलाबाई म्हणाली. तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "पोरगं तिथं सुरुंग पेरीत व्हतं ते ह्याच्याचपायी ना? ह्याच्या भेवानं दोघं बी नुसते बसून राहिले, आन बसल्या बसल्या माझं लेकरू गेलं."

"तसंच म्हणायचं, बाई."

"मंग ज्यानं त्याइला पयलं दिलं, तो कोण का असंना, त्यानं देताना काय इचार केला आसंल? त्याला सोताची लेकरं नव्हती का?"

मास्तर चाचरले. राजकारण असतं, म्हणाले. सत्तेचा समतोल असतो, म्हणाले. आपलेच शब्द त्यांना पोकळ लागले आणि ते थांबले. पंचफुलाबाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. पारावरची गोष्ट कळल्यापासून सहा वर्षांत भुरी का दिली हे तिने एकदाही विचारलं नव्हतं, आणि आताही तिने कुत्रीचं नाव काढलं नाही.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "तुमाला ठाऊक असतंय. नव्हती का त्याला लेकरं?"

बधिर झालेल्या पायात रक्त उतरताना मुंग्या याव्यात तसं मसाजीच्या छातीत काहीतरी व्हायला लागलं, आणि ते सोसवेना.

"व्हती," तो म्हणाला. "म्हणूनच दिलं."